जुन्या टर्नटेबलमधले पांढरे प्लास्टिकचे भाग: काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही

प्रश्न असा आहे: सत्तरच्या दशकातलं एक टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, उघडलं तेव्हा आत तीन-चार ठिकाणी पांढरे, काहीसे पिवळट पडलेले प्लास्टिकचे भाग दिसले. प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या) शाफ्टखाली एक चकती, आर्म आपोआप उचलून ठेवणाऱ्या ऑटोमॅटिक यंत्रणेत गिअर आणि सरकणाऱ्या पट्ट्या, टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मुळाशी एक लहानसा तुकडा. हे सगळं टेफ्लॉन आहे का? इतक्या वर्षांनी ते काढून पितळेचं बसवावं का? आणि त्यावर तेल कुठलं सोडावं?

थोडक्यात उत्तर: यातले फार थोडे भाग टेफ्लॉनचे असतात, बहुतेक बदलावे लागत नाहीत, आणि काहींवर तर तेलाचा थेंबही पडता कामा नये. मात्र हा निर्णय प्रत्येक भागाचा वेगळा घ्यावा लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ओळख. या यंत्रांत गुळगुळीत प्लास्टिक म्हणून मुख्यतः तीन पदार्थ सापडतात. नायलॉन १९३५ साली ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. पीटीएफई, म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो, ते १९३८ साली त्याच कंपनीतल्या रॉय प्लंकेट यांना अनपेक्षितपणे सापडलं. तिसरं अ‍ॅसिटल, त्याचं डेलरिन हे व्यापारी नाव जास्त ओळखीचं आहे आणि ते बाजारात आलं १९६० च्या सुमारास. या सालांचा दुरुस्तीत थेट उपयोग होतो. पन्नाशीच्या दशकातल्या यंत्रात मूळचा पांढरा गिअर दिसला तर तो अ‍ॅसिटलचा नसणार. तो नायलॉनचा धरूनच चालावं.

डोळ्यांनी हे तिन्ही सारखेच दिसू शकतात. पीटीएफई हाताला मेणचट लागतं, नखाचा ओरखडा लगेच घेतं आणि आकाराच्या मानाने जड वाटतं. त्याची घनता २.२ ग्रॅम प्रति घन सेंमी आहे, अ‍ॅसिटलची सुमारे १.४१ आणि नायलॉनची १.१४. भाग सुटा असेल, त्यात धातू बसवलेला नसेल आणि वरचं ग्रीस स्वच्छ पुसलेलं असेल, तर एक साधी परीक्षा करता येते. पेलाभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहा. या पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. त्यात नायलॉन तरंगतं, अ‍ॅसिटल बुडतं. भागाला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर ते झटकून टाका, नाहीतर उत्तर चुकेल. काचतंतू घातलेलं नायलॉनही बुडतं, पण त्याचा पृष्ठभाग खरबरीत आणि रंग मळकट असतो, त्यामुळे ते सहसा ओळखू येतं. परीक्षा झाल्यावर भाग साध्या पाण्याने धुवायला विसरू नका. जाळून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अ‍ॅसिटल जळताना फॉर्माल्डिहाइड सुटतं, पीटीएफई फार तापलं तर त्याचा धूर विषारी असतो, आणि पुन्हा न मिळणाऱ्या भागाचा तुकडा त्यात जातो.

पदार्थ कळला की पुढचं सोपं होतं, कारण प्रत्येकाचं म्हातारपण वेगळं असतं. नायलॉन हवेतलं पाणी पितं. पन्नास टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलेल्या नायलॉनमध्ये वजनाच्या दोन-अडीच टक्के पाणी शिरतं आणि ते जाणवण्याइतकं फुगतं, ढोबळ मानाने १० मिमीमागे ०.०५ मिमी. ऐकायला हे काहीच नाही. पण टर्नटेबलचा शाफ्ट आणि तो ज्या नळीत फिरतो ते बुश यांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते, तिथे हा आकडा फार मोठा आहे. बाहेरून धातूच्या नळीत अडकलेलं नायलॉन बुश फुगलं तर जाणार कुठे? आतल्या बाजूला, शाफ्टवर. थोरेन्सच्या टीडी १२४ या टर्नटेबलची काही जुनी बेअरिंग नायलॉन बुशांची आहेत, नंतरच्यांत सिंटर्ड ब्राँझची बुशं आहेत. नायलॉनचं बुश असलेलं बेअरिंग हाती आलं तर पहिल्यांदा भिंगाखाली चिरा शोधा. चिरलेलं बुश मी ठेवत नाही, तिथे ब्राँझच योग्य. चीर नसेल आणि शाफ्ट डुगडुगत नसेल तर घाई करण्याचं कारण नाही.

अ‍ॅसिटल पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे माप धरून राहतं. त्याचं दुखणं वेगळं: ते ताण सहन करत करत एक दिवस चिरतं. पितळेच्या दातेरी शाफ्टवर दाबून बसवलेला गिअर दशकानुदशकं आतून ताणलेला असतो, आणि चीर पडते ती दोन दातांच्या मधे, सगळ्यात पातळ जागी. गिअर वरून धडधाकट दिसतो, पण त्या एका जागी दातांमधलं अंतर वाढलेलं असतं आणि यंत्रणा प्रत्येक वेळी नेमकी तिथेच अडते. यंत्र दर फेऱ्यात एकाच जागी अडतंय म्हटल्यावर मी ग्रीसकडे न जाता आधी चीर शोधतो. अ‍ॅसिटलला गोंद धरत नाही, तेव्हा चिकटवण्यात वेळ घालवू नका, गिअर बदलायचाच.

पीटीएफई रसायनांना दाद देत नाही, पाणी पीत नाही, वयाने ठिसूळ होत नाही. पण ते वाहतं. दाबाखाली ठेवलं की थंड असतानाच हळूहळू जागा सोडतं. इथून आपण प्लॅटरखालच्या चकतीकडे येतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत जास्त लक्ष देण्यासारखी जागा हीच.

शाफ्टचं गोलसर टोक किंवा एखादी पोलादी गोळी त्या चकतीवर टेकलेली असते आणि प्लॅटरचा सगळा भार तिथे एका ठिपक्यावर येतो. आकडे मांडून पाहू. प्लॅटर ३ किलोचा, म्हणजे भार साधारण ३० न्यूटन. घर्षणांक ०.१ धरा, स्पर्शाचा ठिपका अर्धा मिमी त्रिज्येचा. अशा गोल ठिपक्यावर घर्षणाचा विरोधी पीळ (टॉर्क) म्हणजे भार, घर्षणांक आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचा दोन तृतीयांश. तो येतो सुमारे १ मिलिन्यूटन-मीटर. आता सुईकडे बघा. दोन ग्रॅम भाराने रेकॉर्डच्या बाहेरच्या खोबणीत, केंद्रापासून १४६ मिमीवर टेकलेली सुई प्लॅटरला मागे खेचते. विनाइलवर हिऱ्याचा घर्षणांक ०.३ धरला तर तिचा पीळ सुमारे ०.९ मिलिन्यूटन-मीटर भरतो. म्हणजे चांगल्या स्थितीतली चकती आणि सुई मोटरवर साधारण सारखाच बोजा टाकतात.

पण चकतीत खळगा पडून तो ठिपका दोन मिमी त्रिज्येचा झाला की बेअरिंगचा पीळ चौपट. त्या वेळी घर्षणांक बदललेला नसतो, प्लास्टिक खराब झालेलं नसतं. फक्त स्पर्श पसरलेला असतो. कमकुवत मोटर आणि पट्टा असलेल्या यंत्रात मग सुरुवातीला वेग यायला उशीर लागतो, आणि लोक एकामागून एक पट्टे बदलत बसतात. पट्टा बदलण्याआधी चकती काढून तिच्यावर तिरका प्रकाश टाका. आरशासारखा चकचकीत छोटा ठिपका असेल तर ठीक. वाटीसारखा खोलगट खळगा दिसला आणि चकतीच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर ती उलटी करून बसवा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं आणि मूळ भाग शाबूत राहतो.

नवी चकती कापायची असेल तर जाडी मूळच्या, न झिजलेल्या कडेवर मोजा, खळग्यात नव्हे. जाडी बदलली की प्लॅटरची उंची बदलते. पट्ट्याच्या यंत्रात पट्टा पुलीवर वरखाली सरकतो, सगळ्याच यंत्रांत टोनआर्मचा कोन किंचित फिरतो. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ सारख्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटर थेट प्लॅटर फिरवते अशा यंत्रात, तर मोटरचं चुंबक प्लॅटरच्याच पोटाला बसवलेलं असतं, म्हणजे तिथली उंची ही मोटरचीच एक मिती आहे. अशा यंत्रात अंदाजाने कापलेली चकती मुळीच घालू नये.

पदार्थ कुठला घ्यावा? शुद्ध पीटीएफई सर्वांत निसरडं, पण तेच सर्वांत लवकर दबतं आणि झिजतं. ब्राँझ किंवा कार्बनची भुकटी मिसळलेलं पीटीएफई जास्त टिकतं. काचतंतूचं मी टाळतो, कारण ते शाफ्टच्या टोकाला घासून खातं. जड प्लॅटरखाली अ‍ॅसिटलची चकती मला जास्त भरवशाची वाटते: घर्षण थोडं जास्त, पण खळगा लहान राहतो, आणि वरचा हिशेब सांगतो की पिळाच्या दृष्टीने लहान खळगा निसरडेपणाइतकाच मोलाचा आहे. अर्थात शाफ्टच्या टोकावर चरा असेल तर कुठलीही चकती त्याच्यापुढे टिकणार नाही. आधी ते टोक भिंगाखाली पाहा आणि गरज असेल तर पॉलिश करून घ्या, मग चकतीचा विचार करा.

इथे पितळ किंवा पोलाद घालण्याचा मोह अनेकांना होतो. पोलादावर पोलादी गोळी फिरवली तर स्पर्शाचा ठिपका अगदी बारीक राहतो आणि पीळ कमी होतो, हे खरं. पण त्या जोडीतली प्रत्येक खरखर शाफ्टमधून प्लॅटरमध्ये, तिथून सुईत आणि स्पीकरमध्ये पोचते. प्लास्टिकची चकती ही खरखर मुरवते. मूळ आराखडा करणाऱ्याने प्लास्टिक निवडलं होतं ते शांततेसाठीही, आणि त्याच्या त्या निवडीचा मी मान राखतो. ज्या यंत्रात मुळातच पोलादी तळ आहे तिथे पोलाद राहू द्यावं. ज्यात प्लास्टिक आहे तिथे प्लास्टिक.

तेलाचं म्हणाल तर ते बुशसाठी असतं, चकतीला ते नुसतं चालतं. निर्मात्याने सांगितलेल्या जातीचं आणि सांगितलं तेवढंच. एसएल-१२०० एमके२ च्या पुस्तिकेत २,००० तास चालल्यावर दोन-तीन थेंब असं सांगितलं आहे. घरगुती वापरात एवढे तास भरायला वर्षानुवर्षं जातात. दर महिन्याला बेअरिंग उघडून तेल घालणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता टोनआर्म. इथे घर्षणाची वेगळीच बाजू पुढे येते. जड कपाट ढकलताना हलेपर्यंत जास्त जोर लागतो आणि हललं की कमी पुरतो, तसं प्रत्येक जोडीत सुटण्याचं घर्षण आणि सरकण्याचं घर्षण वेगवेगळं असतं. हा फरक मोठा असला की भाग अडकत-सुटत, धक्क्या-धक्क्याने पुढे जातो. आर्म वीस मिनिटांच्या एका बाजूत सुमारे ८६ मिमी आत सरकतो, म्हणजे सेकंदाला ०.०७ मिमी. इतक्या संथ गतीत धक्के खाण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यातच रेकॉर्डचं भोक जरा बाजूला पडलेलं असेल तर दर फेऱ्यात आर्मला आत-बाहेर झुलावं लागतं, म्हणजे दर फेऱ्यात दोनदा थांबून पुन्हा सुटावं लागतं. पीटीएफईचं खरं वैशिष्ट्य इथे आहे: त्याचं सुटण्याचं आणि सरकण्याचं घर्षण जवळपास सारखंच असतं आणि गती मंद असताना ते घर्षण सर्वांत कमी भरतं. म्हणून निवड करताना मी नुसता घर्षणांकाचा लहान आकडा पाहत नाही, हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहतो.

एसएमई ३००९ सिरीज टू इम्प्रूव्ह्ड या आर्ममध्ये उभ्या हालचालीसाठी नायलॉनची धार आहे, म्हणजे चाकूसारखी कड, जिच्यावर आर्म वरखाली डोलतो. हा भाग नाजूक असतो आणि त्याला धरणारे स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळले तर तो चिरतो. त्याच्या जागी ब्राँझची धार बसवायची पद्धत रूढ आहे. नायलॉन चिरलेलं असेल तर ती जरूर बसवा, आवाजात घट्टपणाही येतो. पण नायलॉन शाबूत असेल तर मी ते काढत नाही. हलक्या आर्मला नायलॉनचा मुरवण्याचा गुण उपयोगी पडतो. लेन्को एल७५ मध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे धातूची धार व्ही आकाराच्या मऊ ठोकळ्यांत टेकते आणि ते ठोकळे वयाने कडक होऊन भुगा होतात. त्यांचं काहीच वाचवता येत नाही. आर्म उभ्या दिशेत खुळखुळत असेल तर ठोकळे बदला; नवे अ‍ॅसिटलचे किंवा धातूचे मिळतात, दोन्ही चालतात.

आर्मचं घर्षण घरी तपासायला उपकरण लागत नाही. सुईवर संरक्षक टोपी लावा, अँटी-स्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून त्याला बाहेरच्या दिशेने दिलेलं बल) शून्यावर आणा, काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या मागचं वजन, फिरवून आर्म तरंगता ठेवा आणि हलकी फुंकर मारा. तो सहज जाऊन, जाईल तिथे आपणहून थांबला पाहिजे. दर वेळी एकाच जागी अडत असेल तर बेअरिंगमध्ये मळ किंवा खळगा आहे. नेहमी एकाच बाजूला ओढला जात असेल तर दोष बहुधा आर्मच्या आतून येणाऱ्या तारांचा असतो, बेअरिंगचा नाही. मग अँटी-स्केटिंग सर्वांत कमी खुणेवर ठेवा. आर्म तेवढ्यानेही बाहेरच्या दिशेने सरकायला हवा. दीड ग्रॅम भाराला अँटी-स्केटिंगचं बल जेमतेम ०.१५ ग्रॅम असतं, त्यामुळे आर्मचं स्वतःचं घर्षण त्याच्या काही पट खाली असेल तरच त्या समायोजनाला अर्थ आहे. आर्मच्या बेअरिंगांत तेल घालू नये. धूळ धरून ते काही महिन्यांतच चिकट होतं.

राहिली ऑटोमॅटिक यंत्रणा. सगळ्यात जास्त भाग इथेच असतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथल्या दुरुस्तीतच होतं. जुनी यंत्रणा अडकते तेव्हा बहुतेक वेळा प्लास्टिक निर्दोष असतं. त्यावरचं ग्रीस सुकून गोंद झालेलं असतं. ते लाकडी काडीने खरवडून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. नायलॉन, अ‍ॅसिटल आणि पीटीएफई या तिघांनाही ते चालतं. झाकणाच्या अ‍ॅक्रिलिकवर मात्र एक थेंबही उडू देऊ नका, त्यात बारीक जाळीदार चिरा पडतात. एबीएस, पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेटचे ताणाखालचे भाग काही तेलांनी आणि बहुतेक फवाऱ्यांनी चिरतात, म्हणून डब्यातला फवारा सरसकट मारणं मला मान्य नाही. शिवाय तो फवारा मोटरची गती प्लॅटरला देणाऱ्या आयडलर चाकाच्या रबरावर हमखास पोचतो.

सरकणाऱ्या पट्ट्या आणि मोठ्या कॅमच्या खाचांना पीटीएफई घातलेलं हलकं कृत्रिम ग्रीस द्यावं, बोटाने पुसल्यावर उरेल इतकंच. पण दोन जागा कटाक्षाने कोरड्या ठेवायच्या. पहिली ट्रिपची पाकळी. रेकॉर्ड संपताना आर्म झपकन आत जातो, त्या वेगावरून यंत्रणेला संपल्याचं कळतं. रेकॉर्ड चालू असताना प्लॅटरच्या बुंध्यावरचा उंचवटा दर फेऱ्यात या पाकळीला मागे ढकलतो आणि तिने निमूटपणे मागे जायचं असतं. तिच्या खिळीवर चिकट थर बसला की ती मागे जात नाही, मग गाणं अर्ध्यावर असतानाच आर्म उचलला जातो. किंवा ती पुढेच येत नाही आणि सुई शेवटच्या खोबणीत फिरत राहते. तेल घातलं की दोन दिवस बरं वाटतं, नंतर आधीपेक्षा वाईट होतं. कोरडी, स्वच्छ खिळी हाच त्यावर उपाय.

दुसरी जागा ड्युअल या जर्मन कंपनीच्या यंत्रांतली. मुख्य लिव्हरवर एक इवलंसं टोपण असतं, जर्मन दुरुस्तीवाले त्याला श्टॉयरपिंपेल म्हणतात. ते आर्मच्या खालच्या पट्टीला टेकून तिला निव्वळ पकडीने ओढून नेतं. म्हणजे तिथे घर्षण हवंच आहे. ते टोपण वयाने भुगा होऊन गळून पडतं आणि आर्म उचलला जातो खरा, पण बाजूला सरकत नाही. अशा वेळी पूर्ण यंत्रणेला तेल पाजणारे लोक त्या पकडीच्या पट्टीलाही तेल लावतात, आणि मग नवं टोपण बसवूनही काम होत नाही. पट्टी अल्कोहोलने पूर्ण पुसा, योग्य मापाचं नवं टोपण किंवा सिलिकॉनच्या बारीक नळीचा तुकडा बसवा, आणि उंचीचा स्क्रू पुस्तिकेप्रमाणे लावा. या एका टोपणामुळे चांगली यंत्रं भंगारात जाताना पाहिली की फार वाईट वाटतं, कारण दुरुस्ती पंधरा-वीस मिनिटांची असते.

शेवटी, केलेल्या कामाचा उपयोग झाला का हे कळण्यासाठी मोजमाप आधी आणि नंतर घ्या. पट्टा काढा किंवा आयडलर बाजूला करा, प्लॅटर हाताने ठरावीक वेगावर आणा आणि थांबेपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. दोन्ही वेळा खोलीचं तापमान सारखं असू द्या, कारण थंडीत तेल घट्ट होऊन आकडा बराच खाली येतो. नवी पीटीएफई चकती घातली असेल तर ती सुरुवातीच्या दिवसांतच सर्वांत जास्त दबते. म्हणून आठवडाभर यंत्र चालवा, प्लॅटरची उंची पुन्हा मोजा, आणि त्यानंतरच आर्मची उंची आणि पट्ट्याची जागा कायमची बसवा.